‘अज्ञात वाहना’ची किंमत कोण मोजतो?

पुण्याहून नगरकडे जाताना कोरेगाव भीमा मागे पडले की सणसवाडी लागते आणि पुढे शिक्रापूर. हा रस्ता आज एका मोठ्या औद्योगिक पट्ट्याचा कणा बनला आहे. सणसवाडीचे कारखाने, पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि शिक्रापूरच्या चौकात चाकणकडून येऊन मिळणारी मालवाहतूक यांमुळे या रस्त्याला रात्रीचीही उसंत नसते. पहिल्या पाळीला निघालेला कामगार, शाळेकडे जाणारी मुले, वढू बुद्रुकला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेण्यासाठी निघालेले तरुण, रांजणगावच्या महागणपतीला पायी निघालेले भाविक, हे सारे याच रस्त्याच्या कडेने चालत असतात. त्यांच्या अंगावरून जाणाऱ्या अवजड वाहनांच्या क्रमांकाच्या पाट्या पाहिल्या तर भारताचा नकाशाच डोळ्यांसमोर उभा राहतो. तमिळनाडू, हरियाणा, राजस्थान, गुजरात, कर्नाटक. कोणता प्रांत या रस्त्यावर नाही?

अशा रस्त्यावर अपघात घडतो तेव्हा काय होते, हे तिथल्या टपरीवाल्यापासून सरपंचापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. दुचाकीस्वार रक्ताच्या थारोळ्यात पडलेला असतो. शंभर माणसे जमतात. त्यांतील दहाजण जखमीकडे धावतात आणि उरलेल्यांची नजर ट्रकच्या पाटीकडे वळते. पाटी बाहेरच्या राज्याची असली की ‘बाहेरचा आहे, सोडू नका’ अशी आरोळी उठते. चालकाला ती भाषा समजत नाही, पण आवाजातला अर्थ समजतो. तो उडी टाकून उसाच्या फडात शिरतो, किंवा ट्रक तसाच दामटून पुढच्या जिल्ह्याची हद्द गाठतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात : ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वाराचा मृत्यू.’

वाहन ‘अज्ञात’ कसे झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भर रस्त्यात शंभर माणसांसमोर घडलेल्या अपघातातील दहा चाकी वाहन अज्ञात राहते, कारण त्या शंभरांपैकी एकानेही त्याचा क्रमांक लिहून घेतलेला नसतो. संतापाने पाटीवरचा प्रांत वाचला, त्यापुढचे आकडे वाचले नाहीत. या एका चुकीची किंमत चालक मोजत नाही, ट्रकचा मालक मोजत नाही आणि विमा कंपनी तर मुळीच मोजत नाही. ती मोजते मृताची विधवा.

बेचाळीस लाख आणि दोन लाख

हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. त्यामागे साधे अंकगणित आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ नुसार, प्रयत्न करूनही ज्या वाहनाचा शोध लागत नाही अशा वाहनाने मृत्यू घडविल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे अनुक्रमे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. वाढ झाली हे खरे. पण ही रक्कम ठोक आहे. मृताचे वय, कमाई, पदरी असलेली लेकरे यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही.

याउलट वाहनाचा क्रमांक हाती असेल, तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांत घालून दिलेल्या सूत्राने तिथे हिशेब होतो. सणसवाडीच्या एखाद्या कारखान्यात महिना वीस हजार रुपये मिळविणारा अठ्ठावीस वर्षांचा कामगार उदाहरणादाखल घ्यावा. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. नोकरी कायम नाही असे धरले, तरी भावी उत्पन्नवाढीपोटी चाळीस टक्के मिळवायचे, म्हणजे अठ्ठावीस हजार. चार अवलंबितांमुळे त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, उरले एकवीस हजार. वर्षाचे झाले दोन लाख बावन्न हजार. या वयाला गुणक सतरा. गुणाकार येतो बेचाळीस लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये. अंत्यसंस्कार आदींची रक्कम वेगळी. मृताचीही काही चूक सिद्ध झाली तर त्या प्रमाणात कपात होते, हे मान्य. पण एका बाजूला बेचाळीस लाख आणि दुसऱ्या बाजूला दोन लाख, या दोहोंमध्ये उभी असते ती केवळ एका पाटीवरची अक्षरे आणि आकडे. ती कोणी टिपली, तर मुलांचे शिक्षण होते. न टिपली, तर थोरल्या मुलाला शाळा सोडून त्याच कारखान्याच्या दारात उभे राहावे लागते.

म्हणून परक्या वाहनाशी अपघात झाल्यावर समाजाचे पहिले दायित्व कोणते, याचे उत्तर नि:संदिग्ध आहे. जखमीचा प्राण वाचविणे, आणि त्याच क्षणी वाहन ‘अज्ञात’ होऊ न देणे. उरलेले सारे त्यानंतर.

चालक का पळतो?

चालक पळतो कारण तो अपराधी असतो, असे सरसकट मानले जाते. काही वेळा ते खरेही असते. मद्यपान केलेला, परवाना नसलेला, झोप न झालेला चालक पळणारच. परंतु कायदा करणाऱ्यांनाही आणखी एक कारण दिसले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकावर तीन कर्तव्ये सोपविते : जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना माहिती देणे आणि विमा कंपनीला कळविणे. पहिल्या कर्तव्याला मात्र एक अपवाद जोडलेला आहे. जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या अन्य कारणाने ते शक्य नसेल तर, असा तो अपवाद आहे. आणि मग चालकाने चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, असे कायदा सांगतो. देशाच्या संसदेला कायद्यात ‘जमावाचा प्रक्षोभ’ गृहीत धरावा लागतो, याहून समाजाच्या वर्तनाविषयी बोलका पुरावा कोणता?

जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरातील मालवाहतूकदार चालकांनी चाके थांबविली, त्याचे मूळही इथेच होते. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, मृत्यू घडवून माहिती न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा मारतो, असे चालकांचे म्हणणे होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा हे उपकलम वगळून ठेवण्यात आले. पळणाऱ्याला कठोर शिक्षा हवी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाला चालकाने थांबावे असे वाटते, त्या समाजाने थांबलेला चालक जिवंत पोलीस ठाण्यात पोहोचेल याची हमी द्यावी लागते. ही हमी कोणतेही सरकार रस्त्यावर येऊन देऊ शकत नाही. ती त्या चौकातले पाच-सात विवेकी तरुणच देऊ शकतात.

शिवाय ज्याला बाहेरचा म्हणून चोप दिला जातो, तो असतो कोण? बिहारच्या किंवा राजस्थानच्या एखाद्या खेड्यातला, तीन रात्री न झोपलेला, मालकाच्या वेळापत्रकाला बांधलेला गरीब माणूस. त्याच्या चुकीची शिक्षा न्यायालय देईल. मात्र त्याच्या प्रांताची शिक्षा त्याला देण्याचा अधिकार कोणालाही नाही. काशीला, केदारनाथला, रामेश्वरला निघालेली महाराष्ट्राची प्रत्येक गाडी त्या त्या ठिकाणी बाहेरचीच असते, हे विसरून कसे चालेल? तिथे मराठी चालकाच्या हातून अपघात घडला, तर तिथल्या जमावाने कसे वागावे अशी अपेक्षा असेल, तसेच वर्तन सणसवाडीच्या चौकात व्हायला हवे.

या रस्त्यावरच्या दोन रात्री

याच पुणे-नगर रस्त्याच्या परिसरातील दोन घटना या संदर्भात मुळातून तपासण्यासारख्या आहेत. पहिली १९ मे २०२४ च्या पहाटेची, कल्याणीनगरची. मोटार जर्मन बनावटीची आणि कोट्यवधींची. तिची तात्पुरती नोंदणी कर्नाटकातली. कायम नोंदणी पुण्यात व्हायची राहिली होती, कारण अवघे १,७५८ रुपये शुल्क भरलेले नव्हते. तिच्यावर क्रमांकाची पाटीच नव्हती. चालविणारा सतरा वर्षांचा. मृत्युमुखी पडलेले दोघे तरुण अभियंते मध्य प्रदेशचे. तरीही ते वाहन ‘अज्ञात’ राहिले नाही, कारण जमलेल्या लोकांनी त्याला जागचे हलू दिले नाही. त्यांनी मोटारीतल्यांना चोप दिला, त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु पळू न देता पोलिसांच्या स्वाधीन केले, हे त्यांचे श्रेय आहे. पुढे तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना झालेली अटक, हे सारे देशाने पाहिले. पैसा पुराव्याच्या मागे कसा लागतो, याचा तो पाठ होता. पण पुरावा मुळात होता म्हणूनच त्याच्या मागे लागावे लागले. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांतील चित्रण आणि प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार नसते, तर बदलण्यासाठी नमुनेही घेतले गेले नसते.

दुसरी घटना डिसेंबर २०२४ मधली, वाघोलीच्या केसनंद फाट्यावरची. कामाच्या शोधात अमरावतीहून आलेली मजूर कुटुंबे पदपथावर झोपली होती. मध्यरात्रीनंतर एक डंपर त्यांच्या अंगावर चढला. तिघांचा जीव गेला. त्यांत दोन चिमुकली बालके होती. चालकाला अटक झाली. हा डंपर कोणा परप्रांताचा नव्हता. म्हणजे रस्त्यावरचा बेजबाबदारपणा पाटी पाहून येत नाही. ‘बाहेरच्या गाड्यांमुळे अपघात होतात’ हे समाधान सोयीचे असेल, खरे नाही.

दावा कुठे दाखल करायचा?

वाहन बाहेरच्या राज्याचे असले की अनेक कुटुंबे मनातून हरतात. ‘आता हरियाणाला कोण हेलपाटे घालणार?’ या एका भीतीपोटी रस्त्यावरच वीस-पंचवीस हजारांवर तडजोड होते, कागदावर अंगठे उठतात आणि मध्यस्थाच्या खिशात त्यातले काही जाते. ही भीती सर्वस्वी निराधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार दावा तीन ठिकाणी दाखल करता येतो : अपघात जिथे घडला तिथे, दावेदार जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे. निवड दावेदाराची. वाघोलीच्या पदपथावर लेकरे गमावलेल्या कुटुंबाला त्यामुळे पुण्यात किंवा आपल्या अमरावतीत न्याय मागता येतो. विमा कंपनीचे कार्यालय न्यायाधिकरणाच्या हद्दीत आहे, एवढ्या आधारावरही दावा चालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मालती सरदार प्रकरणात सांगितले आहे. वाहन तमिळनाडूचे असो वा राजस्थानचे, तिसऱ्या पक्षाचा विमा प्रत्येकाला सक्तीचा आहे आणि तो साऱ्या देशात लागू असतो. विम्याच्या बाबतीत भारतात कोणतेही भारतीय वाहन परदेशी नाही. कायद्याने जे एकत्व मान्य केले आहे, ते समाजाच्या मनात उतरायचे बाकी आहे.

चालकाचा परवाना बनावट निघाला तर विमा कंपनी हात वर करते, अशीही समजूत आहे. २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने या पळवाटेला बांध घातला. कंपनीला मालकाचा दोष सिद्ध करता आला, तरी बहुधा आधी अपघातग्रस्ताला पैसे द्यावे लागतात आणि मागाहून ते मालकाकडून वसूल करावे लागतात. चालक पळाला पण ट्रक जागेवर राहिला, तरीही दावा अडत नाही. कारण भरपाईचा भार मुख्यतः ट्रकच्या मालकावर आणि विमा कंपनीवर असतो. जप्त ट्रकची काच फोडणे, त्याला आग लावणे हा म्हणूनच केवळ गुन्हा नाही, तर मूर्खपणाही आहे. जळालेल्या ट्रकबरोबर त्यातील विमापत्र, नोंदणीचे कागद आणि ब्रेक नादुरुस्त होते की नाही याचा पुरावाही जळतो.

पोलिसांची कर्तव्येही आता वेळेला बांधलेली आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. दहा दिवसांच्या आत अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांचे पत्रक द्यायचे असते. पन्नास दिवसांत अंतरिम आणि नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात या नियमांचे काटेकोर पालन करण्यास सांगितले. पोलिसांचा हा अहवालच दावा म्हणून हाताळण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. पण किती कुटुंबे पोलीस ठाण्यात जाऊन ‘आमचे हक्कांचे पत्रक कुठे आहे?’ असे विचारतात? हक्क माहीत नसलेल्या माणसाला नियम उपयोगी पडत नाहीत.

दोन गोष्टी कुटुंबाने विसरू नयेत. दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली आहे. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला, तरी शहाण्याने त्या वादावर विसंबू नये; वर्षश्राद्धाची वाट न पाहता सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. दुसरी गोष्ट वकिलाची. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि बालके यांना, उत्पन्नाची अट न लावता, विनामूल्य कायदेशीर साहाय्याचा हक्क दिला आहे. विधवा भगिनीने दलालाच्या दारात जाण्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात जावे, यासाठी तिच्याबरोबर चालणारे कोणी तरी हवे असते, इतकेच.

पहिला तास

अपघाताच्या जागी पोहोचलेल्या नागरिकाने काय करावे, याचा क्रमही मनात पक्का असायला हवा. प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत. एका अपघातावर दुसरा अपघात होतो तो याच मिनिटांत. मग १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस. जखमीची मान व पाठ हलू न देता, रक्तस्राव स्वच्छ कापडाने दाबून धरावा. मदत करणाऱ्याला पोलीस छळतील ही जुनी धास्ती आता सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ यांनी अशा परोपकारी व्यक्तीला संरक्षण दिले आहे; स्वतःचे नाव सांगण्याचीही तिच्यावर सक्ती नाही. रुग्णालयाने आधी पोलिसांचा कागद आणा म्हणून जखमीला ताटकळत ठेवू नये, हे तर १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून ठरलेले आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. वाहन कोणत्या राज्याचे, जखमी कोणत्या गावचा, हे तिथे विचारले जात नाही.

जखमीची व्यवस्था लागते तोच दुसऱ्या एकाने वाहनाकडे लक्ष द्यावे. पुढची व मागची पाटी, दाराजवळ लिहिलेले मालकाचे वा वाहतूक कंपनीचे नाव, टायरच्या खुणा, वाहनांची मूळ स्थिती यांची छायाचित्रे काढावीत. ट्रक आणि त्याला जोडलेला मागचा सांगाडा यांचे क्रमांक वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही टिपावेत. ट्रक निघून गेलाच, तर त्याचा पाठलाग करून स्वतः अपघात ओढवून घेण्यापेक्षा क्रमांक, रंग, दिशा आणि वेळ ११२ वर सांगावी. पुढच्या टोलनाक्यावर आणि पेट्रोल पंपावर कॅमेरे असतात. त्यांतील चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती पोलिसांकडे लगेच करावी. चालक थांबला असेल तर त्याला गराड्याबाहेर काढून सुरक्षित बसवावे आणि पोलीस येईपर्यंत त्याच्याजवळ दोन जाणत्या माणसांनी थांबावे. आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याने साक्ष द्यावी. संतापायला सारा गाव असतो आणि साक्षीच्या दिवशी पंच मिळत नाहीत, ही या रस्त्याची शोकांतिका आहे.

सारे करूनही वाहन सापडले नाही, तर दोन लाखांचा हक्क तरी सोडू नये. तो अर्ज महसूल खात्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत वा तहसीलदारांकडे जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने रक्कम मिळते. या योजनेचा लाभ फारच थोडे लोक घेतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये घेतली आणि महिनाभरात वाहनाचा शोध न लागल्यास पोलिसांनीच कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी, असे बजावले. मृत व्यक्ती स्वतःच्या नावावरची दुचाकी चालवीत असेल, तर तिच्या विम्यातील मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही तपासावे. ते समोरचे वाहन सापडण्यावर अवलंबून नसते. त्यासाठी परवाना वैध हवा आणि विमा चालू हवा, ही जबाबदारी मात्र प्रत्येकाची स्वतःची.

देशाच्या सीमेपलीकडे

खरोखरीच परदेशी नोंदणीचे वाहन भारतात आले तर? ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय नियमांनी अशा खासगी वाहनाला नोंदणीपत्र, परवाना, विमा आणि प्रदूषण नियंत्रणाचे प्रमाणपत्र सोबत ठेवणे बंधनकारक केले आहे. हे कागद पाहून ठेवण्याचा आग्रह पोलिसांकडे धरावा, कारण ते वाहन काही दिवसांत देशाबाहेर जाणार असते. परदेशी वाणिज्य दूतावासांच्या निळ्या पाटीच्या मोटारीही मुंबई-पुण्यात दिसतात. त्यांच्यापुढे कायदा हतबल असतो असे अनेकांना वाटते. परंतु १९६३ च्या व्हिएन्ना कराराने वाणिज्य अधिकाऱ्यांना दिलेले संरक्षण वाहन अपघातातील नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला लागू होत नाही.

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याबाबतीत एक चांगली व्यवस्था अनुभवता येते. तिथे १९५३ पासून ‘ग्रीन कार्ड’ पद्धत चालू आहे. जर्मनीत एखाद्या परदेशी मोटारीने धडक दिली, तर जर्मनीतीलच विमा मंडळ भरपाईचे काम हाती घेते आणि नंतर त्या परदेशी कंपनीशी हिशेब करते. अपघाताचा छापील नमुनाही सर्वत्र एकाच मांडणीचा असतो. दोन्ही चालक आपापल्या भाषेत तो भरू शकतात. दोन महायुद्धांत एकमेकांचे रक्त सांडलेल्या राष्ट्रांनी हे साधले. तर एकाच मातेच्या लेकरांनी एका प्रांताच्या पाटीवरून दुसऱ्याच्या जिवावर उठावे काय?

आणि भारतीय वाहन परदेशात गेले असता काय घडते, हे जळगाव जिल्ह्याने भोगले आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी वरणगाव परिसरातील यात्रेकरूंना घेऊन जाणारी बस नेपाळमधील तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि सत्तावीस जणांना प्राण गमवावे लागले. यात्रेकरू महाराष्ट्राचे, बस उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या नोंदणीची आणि अपघात नेपाळमधला. भारतीय वाहनाचा विमा नेपाळ वा भूतानमध्ये आपोआप लागू होत नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून भौगोलिक क्षेत्र वाढविल्याची नोंद विमापत्रात करून घ्यावी लागते. पशुपतिनाथ, मुक्तिनाथाच्या यात्रा आखणाऱ्यांनी जेवणाच्या आणि मुक्कामाच्या सोयीइतकीच ही नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यायला हवी.

संतापाला वळण हवे

यावर एक आक्षेप नेहमी येतो. कायदा पुस्तकात छान आहे. पण खटला वर्षानुवर्षे चालतो, विमा कंपनी वकिलांच्या फौजेने पैसे रोखते, बाहेरचा चालक जामिनावर सुटला की पुन्हा तोंड दाखवीत नाही. मग लोकांनी चार फटके दिले तर बिघडले काय? या संतापामागची वेदना खोटी नाही. दिरंगाई आहे, भ्रष्टाचारही आहे. परंतु चार फटक्यांनी त्या कुटुंबाच्या पदरात काय पडते? फटके देणारे संध्याकाळी घरी जाऊन जेवतात आणि मृताच्या घरात चूल पेटत नाही. उलट त्या फटक्यांच्या भीतीने पुढच्या अपघातातला चालक थांबत नाही आणि पुढचे कुटुंब दोन लाखांवर येते. जमावाचा न्याय हा असा दुसऱ्याच कुणाच्या तरी घरावर कोसळतो.

ज्या रस्त्यावर रोज मृत्यूचे सावट आहे, त्या रस्त्याकाठच्या गावांना संघटित होण्यासाठी याहून निकडीचे निमित्त नाही. सणसवाडी, कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव अशा प्रत्येक चौकात पाच-सात प्रशिक्षित तरुणांचा गट उभा राहू शकतो. प्रथमोपचार जाणणारा एक, वाहतूक सावरणारे दोन, छायाचित्रे आणि क्रमांक टिपणारा एक, आणि पुढील सहा महिने त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाणे, तहसील आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढणारा एक. गणेश मंडळांना, ग्रामपंचायतींना, कारखान्यांच्या कामगार संघटनांना हे अशक्य नाही. परप्रांतीय चालकाशी हिंदीत दोन शब्द शांतपणे बोलणारा कोणी तिथे असला, तर निम्मे अनर्थ टळतील. महामार्ग रुंद होईल, त्यावर उन्नत मार्गही होईल. पण चौकातल्या माणसाचे मन रुंद झाले नाही, तर वरून वाहने वेगाने जातील आणि खाली ‘अज्ञात वाहना’च्या बातम्या येतच राहतील.

पाटी वाचावी, अवश्य वाचावी. मात्र ती प्रांत ओळखून हात उगारण्यासाठी वाचायची नसते. शेवटच्या आकड्यापर्यंत ती वाचावी आणि लिहून ठेवावी, कारण त्या आकड्यांवर एखाद्या घरातील लेकरांची शाळा अवलंबून असते.